निष्काळजी ठरलेल्या वृंदेला

सभ्य स्त्री-पुरुषहो, कृपया इकडे लक्ष द्या. खुर्च्यांच्या पाठी सरळ करा, खिडक्यांच्या झडपा वर करा आणि तोंडातला घास गिळून टाका, कारण पुढील घोषणा अत्यंत गंभीर आणि महत्त्वाची आहे. आमच्या विमान कंपनीच्या चौकशी समितीने अठरा दिवस विचार करून, रोज दोनदा चहा आणि शेवटच्या दिवशी बिर्याणी मागवून, असा निष्कर्ष काढला आहे की विमानाच्या दारातून पडलेली व्यक्ती दार उघडं असल्यामुळे पडली. सदर व्यक्तीने दाराला सुरक्षा-पट्टा लावला असता तर ती पडली नसती. सबब, दोष सदर व्यक्तीचा. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

सदर व्यक्ती म्हणजे तू, वृंदे.

हसली नसशीलच. माझ्या घोषणांना तू कधी हसलीस? विमानाच्या मागच्या भागात, जेवणाच्या ट्रॉल्या ठेवायच्या त्या बोळकांडीत मी कॅप्टनची, प्रवाशांची, आपल्या साहेबांची नक्कल करायची. बाकीच्या पोरी पोट धरून हसायच्या आणि तू खाली वाकून ट्रॉलीचे ब्रेक तपासत असायचीस. "झालं का तुझं?" एवढंच विचारायचीस. पंचवीस वर्षं मी तुला हसवायचा प्रयत्न केला. आज हसवायला बसलेली नाही. आज मी इतकी चिडलेली आहे की सकाळपासून दोन कप फुटले, आणि दोन्ही चांगल्या सेटमधले.

पट्टा म्हणजे काय, हे तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. विमानाचं दार उघडं आहे आणि बाहेर शिडी लावलेली नाही, अशा वेळी चौकटीत कमरेच्या उंचीवर आडवी अडकवायची ती एक कापडी पट्टी. तिने माणूस अडत नाही, फक्त नजर अडते. नोकरीच्या पहिल्या वर्षी असा एक टाकून दिलेला पट्टा मी घरी नेला होता. गौलीगुड्यात आमचं दोरखंडांचं दुकान. आजोबा मराठवाड्यातली शेती सोडून हैदराबादला आले तेव्हापासूनचं. बाबांनी पट्टा दोन्ही हातांत धरून ओढला, उलटा करून शिवण बघितली, आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "याने शेळीसुद्धा थांबायची नाही. याच्या भरवशावर पोरींना उभं करतात?" मी ही गोष्ट पार्ट्यांमध्ये सांगायची. बाबांचा आवाज काढून सांगायची. शेळीवर हमखास हशा यायचा.

तू एकदा म्हणालीस, "बाबा बरोबर बोलले. तू हसतेस काय?"

आणखी एक गोष्ट मी पार्ट्यांमध्ये सांगायची, ती अंबाड्याची. आपण नव्या होतो, तेवीस-चोवीस वर्षांच्या. विमान उभं होतं, प्रवासी उतरून गेले होते, आणि मी मागच्या दाराशी उभी राहून एका खासदाराची नक्कल करत होते, कसा तो पोट सावरत उलट्या पावलांनी आपल्या खुर्चीकडे जातो त्याची. एक पाऊल मागे, दोन पावलं मागे. शिडी केव्हाच काढून नेलेली आणि पट्टा एका बाजूनेच अडकवून लोंबत सोडलेला. तो तसा लोंबत सोडायची पद्धत माझीच. पुन्हा काढायचा त्रास नको म्हणून मीच सगळ्यांना शिकवली होती. तिसरं पाऊल मागे टाकणार तोच तू माझा अंबाडा धरलास. अठ्ठावीस पिनांसकट. असा ओढलास की मी ट्रॉलीवर तोंडावर पडले आणि ओठ फुटला.

ती गोष्ट सांगताना मी तुला खलनायिका करायची. "माझे केस उपटले हो या बाईने!" लोक हसायचे. आपण दोघी जिवंत होतो, म्हणून ती विनोदाची गोष्ट होती. तुझे आभार मी कधीच मानले नाहीत. ओठाला बर्फ लावत तू म्हणाली होतीस, "उद्यापासून पट्टा दोन्ही बाजूंनी. नाहीतर मी लिहून देईन." आणि खरंच लिहून दिलंस! मैत्रिणीविरुद्ध! मी सहा दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. सातव्या दिवशी तू डब्यात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी आणलीस, झाकण उघडून माझ्यासमोर ठेवलीस, आणि भांडण संपलं असं न बोलता ठरलं.

लिहून देणं तुमच्या रक्तातच. नल्लकुंट्यातल्या तुमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीतल्या. तुझे आजोबा महसूल खात्यात, अप्पा कोर्टात. तुमच्याकडे लोक दुधवाल्यालासुद्धा मुद्देवार चिठ्ठी लिहायचे. विमानात काही मोडलं-बिघडलं की नोंद करायची वही असते, तीत आम्ही लिहायचो, "दार घट्ट आहे." तू लिहायचीस तसं कुणी लिहीत नसे. तुझ्या त्या शेवटच्या नोंदी मी आता पाहिल्या. एकाच विमानाच्या एकाच दारावर चार वेळा. मागचं डावं दार. पहिला मुद्दा, दार उघडं धरून ठेवणारा खटका दाबला तरी सुटत नाही. दुसरा मुद्दा, तो सुटण्यासाठी दार खांद्याने आणखी बाहेर ढकलावं लागतं. तिसरा, त्यासाठी एक पाय बाहेर शिडीच्या फळीवर ठेवावा लागतो. चौथा, त्या क्षणी शिडी हलल्यास कर्मचारी खाली पडेल.

पूर्णविराम. खाली सही, तारीख, आणि तुझं ते वळणदार अक्षर.

आणि चारही नोंदींखाली उत्तर एकच: तपासले, समाधानकारक.

कुणाचं समाधान झालं होतं, वृंदे? त्या माणसाला शोधून काढून मला विचारायचंय, की बाबा रे, तुझं कशाने समाधान झालं? हँगरमध्ये, वारा नसताना, दोघा दणकट पुरुषांनी दार ओढून पाहिलं, ते लागलं, झालं समाधान. धावपट्टीवरच्या वाऱ्यात, मागे विमान भरलेलं असताना, एकट्या बाईने ते ओढून बघायचं असतं हे त्या समाधानात कुठेच नव्हतं.

बरं, शिडी. नियम तुला पाठ, मला पाठ, शिडीवाल्यालाही पाठ. आधी दार बंद, मग आतून दाराच्या काचेतून अंगठा दाखवायचा, मग शिडी हलवायची. आणि रोजचं वागणं? आधी शिडी ढिली करायची, चालवायची, आणि तेवढ्यात आतली पोरगी दार ओढून घेईलच असं धरून चालायचं. दोन मिनिटं वाचतात. दिवसात इतकी विमानं, प्रत्येकाची दोन मिनिटं. आपल्या साहेबांना मिनिटांचं भारी वेड. तू त्यांना नाव ठेवलं नाहीस, तू कुणालाच नावं ठेवायची नाहीस. मी ठेवलं, मिनिटसाहेब. विमानतळावरचं आपल्या कंपनीचं सगळं काम त्यांच्या हाताखाली. भिंतीवर फळा, फळ्यावर विमानं, विमानांपुढे हिरवे आणि लाल ठिपके. उशिराचा लाल ठिपका आला की साहेबांचा चेहरा त्याच रंगाचा.

गुडघा गेल्यावर मी उडणं सोडलं आणि नव्या पोरींना दारं शिकवायला लागले. ट्रेनिंगच्या हॉलमध्ये विमानाचा एक कापलेला तुकडा ठेवलाय, खऱ्या दारासकट. त्यावर मी शिकवते. तू उडत राहिलीस. आणि शेवटचं भांडण झालं ते यावरूनच, कोठी बाजारातल्या आपल्या टेलरकडे, ब्लाउजची मापं देता देता.

"तू शिकवतेस ना पोरींना? मग तूही वर लिही," तू म्हणालीस. "शिडी आधी निघते आणि दार मागून लागतं. एवढं एकच वाक्य लिही. माझ्या नोंदी एकटीच्या पडतात."

"हौ, माझ्या पत्राची वाटच बघत बसलेत सगळे."

"नाटकं नक्को करूस. मी खरं बोलतेय."

मग मी काय केलं? छाती पुढे काढली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मिनिटसाहेबांच्या त्या उसन्या इंग्रजीत सुरू झाले, "व्हृंदा मॅडम, व्हॉट इज अ डोअर? अ डोअर इज अ डिले!" टेलर टेप गळ्यात घेऊन हसायला लागला. त्याची बायको पडद्यामागून हसली. तू दोन्ही हात पसरून मापासाठी उभी होतीस, तशीच उभी राहिलीस.

"तू सगळ्यांना हसवतेस," तू म्हणालीस. "हसून झालं की माणसं मोकळी होतात. मग कुणी काही करत नाही."

मला लागलं ते. म्हणून मीही लावलं. "आणि तुझे अर्ज वाचून कोण काय करतं गं? निदान माझ्यामुळे चार लोक हसतात तरी."

तू पिशवी उचललीस, ऑटो केली आणि गेलीस. त्यानंतर अकरा दिवस तू धडधाकट होतीस आणि मी फोन केला नाही. यावेळी डबा आणायची पाळी माझी होती, हे मला कळत होतं. मी वाट बघत होते तुझ्या डब्याची.

त्या सकाळचं मला त्या नव्या पोरीने सांगितलं, जी तुझ्याबरोबर मागे होती. प्रवासी बसले, पुढचं दार लागलं. मागचं दार ती ओढत होती, खटका सुटेना. तू म्हणालीस, "तू हो मागे, हे दार मला माहीत आहे." एक पाय आत, एक पाय शिडीच्या फळीवर, खांदा दाराला. ती म्हणते, खटका सुटल्याचा आवाजही आला. आणि त्याच वेळी शिडी मागे गेली.

एका मजल्याएवढी उंची. खाली काँक्रीट.

मी तुझ्यावरही चिडले आहे, हे लिहून ठेवते. तुला माहीत होतं ते दार. चार वेळा लिहिलंस आणि पाचव्या वेळी पाय बाहेर ठेवलास? का नाही म्हणालीस, की हे दार मी लावणार नाही, विमान उभं राहू दे, फळ्यावर लाल ठिपका पडू दे, साहेब नाचू दे? पण मला उत्तर माहीत आहे. मागे खच्चून भरलेलं विमान, पोरगी घाबरलेली, आणि तू असताना दुसऱ्या कुणी तो पाय बाहेर ठेवावा हे तुला चाललं नसतं. तुझा राग यावा तर असा येतो, अर्ध्यात रडू फुटतं.

चार दिवस तू हॉस्पिटलमध्ये होतीस. तिसऱ्या दिवशी, मी बाहेरच्या बाकावर बसलेली असताना, ऑफिसातल्या एक बाई कागद घेऊन आल्या. "मॅडम, रूटीन आहे, एक सही." दरवर्षी प्रत्येक पोरीची दाराची परीक्षा होते आणि मी तिच्या कागदावर सही करते, शेकडो केल्या असतील. मी वाचलं नाही. पाण्याच्या कूलरवर कागद ठेवला आणि सही केली. त्यावर लिहिलं होतं की वृंदाला यावर्षी सुरक्षा-पट्ट्याचा नियम शिकवण्यात आला होता आणि तो तिला पूर्ण अवगत होता.

खोटं नव्हतं गं. मीच शिकवला होता, म्हणजे तूच मला शिकवलेला मी तुला शिकवला होता. तू त्या कागदावर शंभरपैकी शंभर होतीस. आणि त्याच शंभरावर समितीने लिहिलं, की नियम माहीत असूनही पाळला नाही. निष्काळजीपणा. पुरावा, प्रशिक्षिकेची सही.

माझी सही, वृंदे.

अहवालाची प्रत तुमच्या घरी आली ती तुझ्या ईराच्या हातात पडली. मी नल्लकुंट्याला गेले तेव्हा अप्पा झोपाळ्यावर गप्प बसले होते आणि तुझी लेक जमिनीवर, कागद मांडीत. वीस वर्षांची पोर, पण त्या दिवशी मला ती बालवाडीतली वाटली. इंग्रजी ती सरसर वाचते, मराठीला अडखळते. हे जे मी लिहितेय तेसुद्धा तिला मलाच वाचून दाखवावं लागणार आहे. म्हणाली, "मावशी, यात आईला नेग्लिजंट म्हटलंय. अन् खाली तुझी सही आहे."

मी नाटकी बाई. कुठल्याही प्रसंगाला माझ्याकडे वाक्य तयार असतं. तेव्हा मी फक्त तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"आई केअरलेस होती का?" तिने विचारलं. "खरं सांग. मला चालेल. पण खरं सांग."

तिला खरोखरच चाललं असतं का, कोण जाणे. पण एक कळलं: तिने आयुष्यभर तुला कसं आठवायचं, हे त्या कागदावरून ठरणार होतं. घरातून निघताना गॅस तीनदा बघणारी तिची आई, की दाराला पट्टा न लावणारी सदर व्यक्ती.

मी उठले. अप्पांच्या बैठकीच्या दाराच्या चौकटीला, दोन्ही कड्यांना, ईराची ओढणी आडवी बांधली. म्हटलं, "हा पट्टा. आता दार लाव."

तिने दार ओढलं. ते ओढणीवर येऊन थांबलं.

"लागत नाहीये."

"लागणार नाही. विमानाचंही असंच. दार लावायचं तर पट्टा आधी काढावाच लागतो. तुझी आई दार लावत होती. पट्टा काढलेला असणार नाही तर काय असणार? पट्टा आहे तो दार नुसतं उघडं असतं तेव्हासाठी. दार लावताना जीव असतो तो शिडीवर."

अप्पा झोपाळ्यावरून पहिल्यांदा बोलले, "हे समितीत कुणाला ठाऊक नव्हतं?"

समितीत पाच माणसं, अप्पा. एकानेही आयुष्यात विमानाचं दार लावलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिडीवाला मला भेटायला आला. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याची नोकरी आहे. तू त्याला अन्ना म्हणायचीस, मीही अन्नाच म्हणते. खरं सांगते, समोर दिसल्याबरोबर मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ट्रेनिंग हॉलच्या पायरीवर तो बसला, चप्पल काढून, जसं देवळात बसतात.

"अम्मा, मेरेकु नीचे से ऊपर का दिखताच नै," कमरेच्या वॉकीटॉकीवर हात ठेवत तो म्हणाला. "सेट पे बोले, पिछे की सीढी हटाव, लेट होरा. मैं हटाया. रोज ऐसाच हटाते अम्मा. उस दिन मॅडम का पाँव था."

"सेट पे कौन बोला?"

त्याने चपला जवळ ओढल्या. मग म्हणाला, "मेरा नाम मत लेना अम्मा. मैं बोला बोल को मालूम पडा तो निकाल देते." आणि हात जोडून उठला. माझा राग त्याच्यावर होता तो तिथेच अर्धा झाला, आणि उरलेला अर्धा साहेबांच्या खात्यावरच्या रागात जाऊन मिळाला.

आता मला खरं माहीत होतं आणि ते बोलता येत नव्हतं. अन्नाचं नाव घेतलं तर तो जाणार. न घेतलं तर तू निष्काळजी. मग ज्याने शिडी हटवायला सांगितलं त्याच्याच तोंडून ते यायला हवं. कसं, हे मला सुचत नव्हतं, आणि तेवढ्यात कंपनीने शोकसभा ठेवली.

सभा काल झाली. एवढी माणसं मावतील अशी एकच जागा, म्हणून माझाच ट्रेनिंग हॉल. साठेक माणसं, तुझ्या हाताखाली तयार झालेल्या पोरी, मुख्य कचेरीतून आलेले तीन अधिकारी, पहिल्या रांगेत ईरा आणि अप्पा. तुझ्या फोटोला हार. फोटो तोच, ओळखपत्रावरचा, ज्यात तू कुणीतरी रांग मोडल्यासारखी बघतेस. कोपऱ्यात माझा तो विमानाचा तुकडा, दार उघडं.

मिनिटसाहेब बोलले. इंग्रजीत, हळू, आवाज भरून आल्यासारखा करत. तू कुटुंबातली होतीस. तू आकाशाची लेक होतीस. आणि शेवटी, एक उसासा सोडून, की केवळ एक पट्टा, एक छोटासा पट्टा वेळेवर लावला असता तर वृंदा मॅडम आज आपल्यात असत्या. तेव्हा तरुण सहकाऱ्यांनी यातून धडा घ्यावा.

ईराने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मग माझी पाळी. सगळ्यांना माहीत होतं, मी रडवणार आणि मध्ये हसवणार. काही पोरींनी रुमालसुद्धा काढले होते, काहींनी फोन. मी माइक घेतला आणि म्हणाले की साहेबांनी फार मोलाचं सांगितलं, तर तो धडा आपण आत्ताच घेऊ या, मॅडमच्या फोटोसमोर. "साहेब, जरा इकडे याल?" आणि त्यांचं कोपर धरून त्यांना त्या तुकड्यापाशी नेलं. शोकसभेत कुणी कोपर धरलं तर माणूस नाही म्हणू शकत नाही.

मी चौकटीत पट्टा अडकवला. दोन्ही बाजूंनी, वृंदे. "हे साहेबांच्या सांगण्याप्रमाणे. आता साहेब, दार लावा."

त्यांनी ओढलं. दार पट्ट्यावर येऊन थांबलं. त्यांनी पुन्हा ओढलं, जरा जोराने. मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, लगेच दाबलं गेलं. मी हसले नाही, हसवलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रेक्षकांसमोर उभी होते आणि मला हशा नको होता. तिसऱ्यांदा ओढल्यावर साहेबांनी इकडे-तिकडे बघितलं आणि जे कुठलीही पोरगी करते ते केलं. पट्टा काढला.

"बरोबर," मी म्हणाले. "असाच काढावा लागतो. वृंदानेही काढला."

मुख्य कचेरीतले तिघे पुढे सरकून बसले. त्यांच्यातल्या एकाने खिशातून पेन काढलं. आज सकाळी मी माझी सही मागे घेत असल्याचा अर्ज त्याच्याच हातात दिला; चार मुद्दे, तुझ्या पद्धतीने, सगळ्यांना पूर्णविराम. पहिल्या तीन मुद्द्यांत तुझ्या नोंदी, पट्टा आणि माझी न वाचता केलेली सही. चौथ्यात माझा एकही शब्द नाही, फक्त साहेबांचं पुढचं वाक्य जसंच्या तसं, आणि ते ऐकणाऱ्या एकेचाळीस जणांच्या सह्या. अन्नाची त्यांत नाही. तिची गरजच पडली नाही.

साहेबांचा एक हात अजून दारावर होता. मी माइक त्यांच्या तोंडाजवळ नेला, आणि अगदी गोड आवाजात, जसं प्रवाशाला चहा की कॉफी विचारावं तसं विचारलं, "पट्टा निघाला, दार उघडं आहे, बाई दारात उभी आहे. तर साहेब, या घडीला शिडी कुठे असायला हवी?"

ईरा उभी राहिली होती. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, पेनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचं ते उसनं इंग्रजी कुठल्या कुठे पळालं. लहानपणी गल्लीत जे बोलले असतील तेच तोंडातून आलं, माइकमध्ये, हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत:

"अरे मॅडम, दरवाजा बंद होए तक सीढी लगा को रखे, तो जहाज टैम पे निकलते कैसे?"